प्रेमराजभाऊंची साक्ष

माझ्या नवऱ्याची नोकरी जेवणाच्या ताटावर गेली आणि आम्हा दोघांनाही ते कळलं नाही. उलट ज्याने ती घालवली त्याला मी आग्रह करकरून खीर वाढत होते.

तो माणूस म्हणजे प्रेमराजभाऊ. सुकदेवचे चुलतभाऊ, वयाने मोठे. सुकदेव म्हणजे माझा नवरा. आमच्यात बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, पण इथे मी घेणार आहे, नाहीतर कोण कोणाला काय बोललं ते कळायचं नाही. जळगावच्या एमआयडीसीतल्या एका चटईच्या कारखान्यात सुकदेव मशीन चालवायचा आणि प्रेमराजभाऊ तिथेच सुपरवायझर होते. त्याला कामाला लावलं तेही त्यांनीच. त्यामुळे आमच्या घरात त्यांचा शब्द खाली पडत नसे. मला मात्र तो माणूस कधीच आवडला नाही. पण नात्याने जेठ, म्हणून डोक्यावर पदर घ्यायचा आणि गप्प बसायचं.

त्या वर्षीच्या श्रावणाच्या थोडं आधी कारखान्यात वना नावाच्या कामगाराचा हात यंत्रात गेला. वाया गेलेली चटई बारीक करायचं एक यंत्र असतं. त्याच्या तोंडावर लोखंडी जाळी लागते, पण जाळी असली की माल हळू जातो, म्हणून ती काढून ठेवलेली होती. वनाची बोटं त्यात गेली. सरकारी इन्स्पेक्टर चौकशीला आला तेव्हा सगळे कामगार छताकडे बघत उभे राहिले. सुकदेवला विचारलं, जाळी होती का? तो म्हणाला, नव्हती. पाण्यात राहून माशाशी वैर करू नये हे त्यालाही कळतं. पण वनाला उचलून रिक्षात त्यानेच घातलं होतं, आणि त्याच्या शर्टाचे डाग मी धुतले होते. कारखान्याचा शेठ त्याला यावर एक शब्दही बोलला नाही. मला खटकलं ते तेच.

मग श्रावणातली कानबाई देवी आली. त्या वर्षी ती आमच्याकडे होती. खानदेशात ज्यांच्या घरी कानबाई बसते त्यांना रोटाचं सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते. घरातल्या पुरुषमाणसांच्या हिशेबाने गहू मोजून दळायचे, त्याचे जाडजूड रोट करायचे, देवीला दाखवायचे आणि ते फक्त भाऊबंदांनीच खायचे. परक्याला कणसुद्धा द्यायचा नाही आणि टाकायचा तर नाहीच. रविवारी संपले नाहीत तर पुढचे दिवस रोज संध्याकाळी जमून संपवायचे. ज्याच्यासोबत रोट खाल्ला त्याच्याशी दगा करायचा नाही असं काही कुठे लिहिलेलं नाही, पण ते लिहावं लागेल असं कोणाच्या मनातही येत नाही.

रविवारी पंगत बसली तेव्हा प्रेमराजभाऊ सुकदेवच्या शेजारी होते. रोट कुस्करून त्यात खीर कालवता कालवता ते म्हणाले, "सुकदेव, आठ दिन घरच ऱ्हा. शेठ भलता तापेल शे. मी सांगसू तवय ये."

"रजाना अर्ज दिसन येऊ का?" सुकदेवने विचारलं. निदान अर्ज तरी देऊन यावा असं त्याला वाटत होतं.

"मी तठे शे ना," ते म्हणाले. "तुना नावले कोण हात लावस, मी दखस."

मंगळवारी आणि बुधवारीही ते उरलेले रोट संपवायला आले, आणि दोन्ही वेळा तेच म्हणाले, घरी राहा, मी तिथे आहे. सुकदेव घरी राहिला. मी एकदा म्हटलं, गेटवर नुसतं तोंड तरी दाखवून ये. त्यावर तो चिडला. म्हणाला, भावाने ताटावर बसून शब्द दिलाय, आता गेटवर गेलो तर त्याचा विश्वास नाही असं होईल. शहाणा माणूस, पण भाऊबंद म्हटलं की याची अक्कल चरायला जाते.

आठवडा झाला, मग पंधरवडा झाला. प्रेमराजभाऊंचा फोन आधी लवकर उचलला जायचा, मग उशिरा, मग लागेनासाच झाला. शेवटी सुकदेव कारखान्यावर गेला तर वॉचमनने त्याला आत सोडलं नाही. वॉचमन रोज त्याच्याकडून तंबाखू मागून खाणारा. तो म्हणाला, तुमचं नाव काढलंय, तुम्ही स्वतःच काम सोडून गेलात ना? सुकदेव घरी आला आणि बराच वेळ चपला न काढता बसून राहिला.

त्यानंतर जे सुरू झालं ते मला आजही नीट सांगता येत नाही, कारण त्यात कोणी ओरडलं नाही, कोणी मारलं नाही. सुकदेव दुसऱ्या कारखान्यात काम मागायला जायचा. लोक आधी हो म्हणायचे, नाव विचारायचे, आणि मग उद्या या म्हणायचे. उद्या गेलं की जागा भरलेली असायची. मी घरी बसून चटईच्या कडेला पट्टी शिवायचं काम करायचे. ते देणारी बाई एक दिवस आली, तयार माल घेऊन गेली आणि नवा माल टाकलाच नाही. मी कारण विचारलं तर म्हणाली, "नूतन, मला विचारू नको. मलाही इथेच राहायचंय." घर फिरलं की वासे फिरतात म्हणतात. आमच्याभोवतीचे वासे कोण फिरवत होतं ते मात्र दिसत नव्हतं.

वकील मिळाल्या सुलक्षणा मॅडम. मूळच्या जामनेरच्या, बोलायला फटकळ. त्यांनी आधी सरकारी कामगार अधिकाऱ्याकडे अर्ज लावला. तिथे कंपनीचं कोणी धड आलंच नाही, तडजोड फिसकटली आणि प्रकरण कामगार न्यायालयात गेलं. मॅडमनी आम्हाला समोर बसवून सांगितलं, "माणूस गैरहजर राहिला तरी त्याला असं काढता येत नाही. नोटीस द्यावी लागते, चौकशी करावी लागते, त्याचं म्हणणं ऐकावं लागतं. यांनी त्यातलं काही केलेलं नाही. कायद्याने आपण कामावर परत जाण्याची मागणी करू शकतो, मधल्या पगारासकट. पण कंपनी म्हणते, आम्ही काढलंच नाही, तो सोडून गेला. बोलवायला माणूस पाठवला तर घराला कुलूप. हे टिकलं तर आपण अडचणीत येऊ. जज पहिला प्रश्न विचारतील, घरी का बसला होतास?"

"प्रेमराजभाऊंनी बसायला सांगितलं म्हणून," सुकदेव म्हणाला.

"मग हे प्रेमराजभाऊ येऊन तसं सांगतील का?"

"सांगतील. ते आमच्याबरोबर रोट खातात."

मॅडम हसल्या. "सुकदेवभाऊ, रोटावर निकाल लागत नसतो."

प्रेमराजभाऊंना तोवर कंपनीने धुळ्याच्या गोडाऊनवर पाठवलं होतं. देवपुरात ते भाड्याच्या घरात राहत होते. पुढच्या श्रावणात कानबाईला ते आलेच नाहीत. तेव्हा मी म्हटलं, आपणच त्यांचा रोट घेऊन जाऊ. बसने धुळ्याला गेलो, पांझरेचा पूल ओलांडला आणि त्यांचं घर शोधलं. दार कुंदाबाईंनी उघडलं. त्या त्यांच्या बायको, माझ्या जेठानी. आम्हाला पाहून आनंद होण्याआधी त्यांनी आमच्या मागे रस्त्यावर पाहिलं.

प्रेमराजभाऊ वाळले होते. मी रोट पुढे ठेवला. त्यांनी हात जोडून तो घेतला आणि मान खाली घालून शेवटच्या कणापर्यंत खाल्ला. सुकदेवने विचारलं, "भाऊ, कोर्टमा खरं सांगशात ना?"

"तू मना भाऊ शे," ते म्हणाले. एवढंच म्हणाले. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला आणि ते तो घेऊन मागच्या अंगणात गेले. "नही साहेब, कोणीच उनं नही," म्हणजे कोणीच आलं नाही, असं ते म्हणाल्याचं मला ऐकू आलं. कुंदाबाईंनाही आलं असणार, कारण त्या एकदम चहाची भांडी वाजवायला लागल्या. आम्ही निघालो तर कोपऱ्यावर मोटारसायकलवर एक जण बसला होता. त्याने आमच्याकडे बघून मान हलवली, ओळखीच्या माणसाला हलवतात तशी. आम्ही त्याला ओळखत नव्हतो.

बसमध्ये सुकदेव म्हणाला, "भाऊ म्हणाले ना, मना भाऊ शे म्हणून. झालं मग." मी खिडकीबाहेर बघत राहिले. मला वाटत होतं की हा माणूस आपल्याला बुडवणार, आणि हे सुकदेवला सांगून उपयोग नाही.

साक्षीच्या दिवशी आम्ही वेळेआधीच कोर्टात जाऊन बसलो. कंपनीचा मॅनेजर पांढऱ्याशुभ्र शर्टात आला आणि बाकावर थेट माझ्या शेजारी बसला. अगदी अदबीने त्याने विचारलं, "कशा आहात वहिनी? पुनम कॉलेजला जाते ना आता? सकाळच्या पहिल्या बसला फार गर्दी नसते. एकटीच असते बऱ्याचदा." मग उठून तो आपल्या वकिलाकडे गेला. पुनम आमची मुलगी. ती कोणत्या बसने जाते हे मी कोणाला सांगितलेलं नव्हतं. सुकदेवला मी तेव्हा काहीच सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तो उठून घरी निघाला असता.

प्रेमराजभाऊ कंपनीचे साक्षीदार म्हणून उभे राहिले. शपथ घेतली आणि भिंतीकडे बघत बोलले. सुकदेवला मी घरी बसायला कधीच सांगितलं नाही. तो स्वतःहून यायचा बंद झाला. शेठनी मला त्याला बोलवायला पाठवलं. त्याच आठवड्यात मंगळवारी संध्याकाळी गेलो, बुधवारी संध्याकाळी गेलो. दोन्ही वेळा घराला कुलूप होतं.

उलटतपास दुपारच्या सुट्टीनंतर होता. बाहेर व्हरांड्यात सुकदेव त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला. प्रेमराजभाऊंनी आजूबाजूला पाहिलं आणि हळूच म्हणाले, "सुकदेव, तू माले माफ करशी. शेठ थोडाच करस?"

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, हे मी शाळेत वाचलं होतं. त्या दिवशी तो दांडा मला दोन हातांच्या अंतरावर दिसला, घामाने भिजलेला. आणि खरं सांगते, त्या वाक्याचा मला सगळ्यात जास्त राग आला, कारण ते खरं होतं. सुकदेवने त्यांना तिथल्या तिथे माफ केलंही होतं. त्याच्या तोंडावर दिसत होतं.

मी नाही केलं. मॅडम झाडाखाली डबा खात होत्या, तिथे जाऊन मी तोंड सोडलं. "बेशरम माणूस! मंगळवारी आमच्या घरात मांडी घालून रोट खाल्ला, बुधवारी खाल्ला, वर बायकोसाठी बांधून नेला, आणि म्हणतो कुलूप!"

मॅडमचा घास हातातच राहिला. "कोणत्या मंगळवारी?"

"त्याच. कानबाईच्या पाठच्या."

त्यांनी डबा बंद केला. "हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलं?"

"तुम्हीच म्हणालात, रोटावर निकाल लागत नसतो."

दुपारी मॅडम उभ्या राहिल्या. आवाज अगदी साधा होता. "प्रेमराजभाऊ, मंगळवारी संध्याकाळी सुकदेवच्या घराला कुलूप होतं?"

"होतं."

"बुधवारीही?"

"हो."

"त्या आठवड्यात तुमच्या भाऊबंदांची कानबाई कोणाकडे बसली होती?"

कंपनीचे वकील उठले, याचा इथे काय संबंध म्हणाले. जजसाहेबांनी हाताने त्यांना बसवलं.

"सुकदेवकडे," प्रेमराजभाऊ म्हणाले.

"रोट संपवायला तुम्ही गेला नव्हतात? त्या वर्षी तुम्ही रोट खाल्लाच नाही, असं लिहून घेऊ?"

प्रेमराजभाऊंनी ओठ ओले केले. काय सांगितलं, काय नाही, याबद्दल तो माणूस हवं तितकं खोटं बोलला असता. पण कानबाईचा रोट पोटात असताना तो खाल्लाच नाही म्हणायचं, हे त्यांच्याच्याने होईना. मॅनेजर पुढे सरकून बसला होता.

"तसं लिहू नका," ते म्हणाले.

"मग काय लिहू?"

"खाल्ला. मंगळवारी गेलो होतो, बुधवारीही गेलो होतो."

"आणि घर?"

"उघडं होतं."

"तिथे सुकदेवला काय सांगितलंत?"

"घरीच राहा, म्हटलं."

"कोणाच्या सांगण्यावरून?"

त्यांनी एकदा मॅनेजरकडे पाहिलं. मग डोळे मिटले. "शेठच्या."

टायपिस्टने ते टाईप केलं. सुकदेव रडत होता. मी नव्हते रडत. मला पांढरा शर्ट दिसत होता. मॅनेजरच्या चेहऱ्यावर राग नव्हता, तो फोनवर काहीतरी लिहीत होता.

पुढच्या तारखेला कंपनीचे वकील स्वतःच बोलले, आम्ही सुकदेवला कामावर घ्यायला तयार आहोत, जुनी नोकरी धरून. मधल्या पगाराचा काही भागही देतो. मॅडम म्हणाल्या, आता आपली बाजू भक्कम आहे, लढलात तर पूर्ण मिळेल, पण वेळ लागेल आणि ते वरच्या कोर्टात जातील. सुकदेव म्हणाला, मला काम द्या, बस. मीही हो म्हटलं. तोपर्यंत पुनमच्या बसचं मी त्याला सांगितलं होतं.

कामावर जायच्या दिवशी त्याने इस्त्रीचा शर्ट घातला. मी दारात उभी राहून तो वळणापर्यंत दिसेल तितका पाहिला. दिवसभर हातात काही धरवेना. संध्याकाळी तो आला, खाटेवर बसला आणि हळू आवाजात सांगू लागला. प्रेमराजभाऊंनाही धुळ्याहून परत बोलावलं होतं. दोघं एकाच वेळी गेटवर पोहोचले. मॅनेजर तिथेच उभा होता. सुकदेवला म्हणाला, जा आत. प्रेमराजभाऊंना म्हणाला, "तू बाहेरच थांब. आजपासून तुझं इथे काम नाही. कारण विचारायचं नाही. आणि उद्यापासून या रस्त्याला दिसायचंही नाही." सुकदेव हाताच्या अंतरावर उभा होता. त्याने शब्द न् शब्द ऐकला. वॉचमननेही ऐकला, पण वॉचमन काय बोलणार.

"मग तू काय केलंस?" मी विचारलं.

"मी आत गेलो," सुकदेव म्हणाला. "मशीनवर लावलंय मला. त्याच वनाच्या यंत्रावर."

"जाळी आहे का?"

त्याने दोन्ही हातांची बोटं उघडून पाहिली आणि हात धुवायला उठला.

काही दिवसांनी, ऐन जेवणाच्या वेळेआधी, कुंदाबाई आल्या. एकट्याच. आत बोलावलं तरी उंबऱ्याजवळच बसल्या. पाणी दिलं ते हातात तसंच धरून ठेवलं. म्हणाल्या, "कंपनीवाला म्हनतस, त्यासनी सोताच काम सोडं. सुलक्षणा मॅडमकडे जाई उनू मी. त्या म्हन्यात, केस व्हई. पन गेटवर काय बोलनं व्हयनं ते कोणी ऐकेल व्हई, ते त्याले लई या." गेटवरचं बोलणं ऐकलेला साक्षीदार मॅडमना हवा होता. मग त्यांनी सुकदेवकडे पाहिलं. "भाऊ, तुम्ही तठेच व्हतात ना?"

सुकदेव उद्याच्या पाळीचा डबा पुसत होता. त्याचा हात थांबला. मला वाटलं, आता बोलेल. इन्स्पेक्टरसमोर बोलला होता, कोणी विचारलं की याच्या तोंडून खरंच बाहेर पडतं, त्यापायीच तर हे सगळं झालं. आतल्या खोलीत पुनम मोठ्याने काहीतरी पाठ करत होती.

"नही वहिनी," तो म्हणाला. "मी ते पहिलेच गेटना मधमा चालना गयथू. माले काहीच ऐकू उनं नही."

कुंदाबाई माझ्याकडे वळल्या. "नूतन, तुले काही सांगं का त्यासनी?"

मला राग आला. आणि लाज वाटते सांगायला, तो कुंदाबाईंवरच आला. यांनी आत्ताच का यावं, आमच्याच दारात का यावं, आम्ही जरा श्वास घ्यायला लागलो तर. ज्या तोंडाने मी भर कोर्टाच्या आवारात त्यांच्या नवऱ्याला बेशरम म्हटलं होतं ते तोंड माझंच होतं. मॅनेजरचं गेटवरचं वाक्य मला पाठ होतं.

"नही," मी म्हटलं. "माले बी काही सांगं नही."

त्यांनी पाण्याचा पेला न पिताच खाली ठेवला आणि गुडघ्यावर हात टेकून उठल्या. पदर सारखा केला. आमच्या दोघांकडे पाहिलं ते रागाने नाही. मला तो राग चालला असता.

"ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "तुमनी बी पोर शे घरमा."

त्या गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत आम्ही दोघंही हललो नाही. मग सुकदेव म्हणाला, "दार लाव," आणि मी दार लावलं.